लाट, पिढी आणि खंड : स्त्रीवादाच्या इतिहासातील कालविभाजनाचा प्रश्न

१

कोणत्याही इतिहासाचे कालखंड पाडणे ही वरवर पाहता सोयीची गोष्ट वाटते. विपुल सामग्री आवाक्यात यावी म्हणून तिचे भाग करावयाचे, प्रत्येक भागाला नाव द्यावयाचे आणि एका भागातून दुसऱ्या भागात झालेले संक्रमण स्पष्ट करावयाचे, एवढेच त्यात अभिप्रेत असते असा समज असतो. वस्तुतः कालविभाजन हा त्या इतिहासाविषयीचा एक सिद्धान्तच असतो. अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा आरंभ १८१८ पासून मानणारा अभ्यासक राजकीय सत्तांतराला निर्णायक मानतो, तो १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’पासून मानणारा गद्याच्या आत्मभानाला प्राधान्य देतो, केशवसुतांपासून मानणारा कवितेतील जाणिवेच्या पालटाला महत्त्व देतो. आरंभबिंदू बदलला की ‘अर्वाचीन’ या शब्दाचा अर्थ बदलतो, आणि त्याबरोबर मध्यभागी कोण व परिघावर कोण हेही बदलते.

स्त्रीवादाच्या इतिहासाबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ज्यांना प्रस्थापित इतिहासाने वगळले त्यांचा इतिहास लिहिणे ही स्त्रीवादी इतिहासलेखनाची मूळ प्रतिज्ञा आहे. अशा इतिहासाचे कालखंडच जर नव्याने काहींना वगळू लागले, तर तो केवळ पद्धतीचा दोष राहत नाही. प्रतिज्ञेलाच बाधा येते. म्हणून स्त्रीवादाच्या कालविभाजनाच्या रूढ पद्धती कोणत्या गृहीतांवर उभ्या आहेत, आणि विशेषतः साहित्यकृतींच्या बाबतीत त्या कोठे अपुऱ्या पडतात, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

२

यांतील सर्वाधिक रूढ पद्धती ‘लाटां’ची. पहिली लाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मताधिकारापर्यंतची. अमेरिकेत ती १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील परिषदेपासून १९२० च्या घटनादुरुस्तीपर्यंत मोजली जाते. ब्रिटनमध्ये १९१८ व १९२८ चे मताधिकारविषयक कायदे हा तिचा शेवट मानला जातो. दुसरी लाट १९६० नंतरची, तिसरी १९९० नंतरची. आणि २०१० नंतरच्या दशकात समाजमाध्यमांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या आंदोलनांना चौथी लाट म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

या मोजणीबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ती ‘एक’पासून सुरू झालेली नाही, ‘दोन’पासून झाली. मार्था वाइनमन लीअर या पत्रकार लेखिकेने १९६८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मधील लेखाच्या शीर्षकात ‘दुसरी स्त्रीवादी लाट’ असा शब्दप्रयोग केला आणि पुढे तो रुळला. ज्या स्त्रियांनी मताधिकारासाठी लढा दिला त्या स्वतःला पहिल्या लाटेतील म्हणवीत नव्हत्या. दुसरीने स्वतःचे नामकरण केले तेव्हा पहिली अस्तित्वात आली. म्हणजे हा क्रमांक पूर्वलक्षी आहे. वर्तमानाने आपल्या गरजेनुसार भूतकाळातून एक पूर्वसूरी निवडला आणि मधला काळ ओहोटीचा ठरविला.

ही ओहोटी नेमकी कशाची? मोर्चे, परिषदा, संघटना आणि कायदे यांचे मोजमाप घेतले तर ती काही अंशी खरी आहे. पण वैचारिक लेखनाचे मोजमाप घेतले तर चित्र उलटे दिसते. व्हर्जिनिया वुल्फ यांचे ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ १९२९ चे आणि ‘थ्री गिनीज’ १९३८ चे. सिमोन द बोव्हा यांचे ‘द सेकंड सेक्स’ मूळ फ्रेंचमध्ये १९४९ चे. विसाव्या शतकातील स्त्रीवादी विचाराला ज्यांवाचून आकार आला नसता असे हे ग्रंथ दोन लाटांच्या मधल्या ‘कोरड्या’ काळातले आहेत. तेव्हा लाटेचे रूपक चळवळीच्या दृश्यतेचे मोजमाप करते, विचाराच्या अस्तित्वाचे नव्हे. या दोहोंची गल्लत झाली की ग्रंथ कालखंडाबाहेर पडतात किंवा ओढूनताणून जवळच्या लाटेत बसविले जातात.

लाटेच्या रूपकाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा पुढे येते अशी कल्पना त्यात अनुस्यूत असते. परिणामी पहिली लाट कायदेशीर हक्कांची, दुसरी लैंगिकतेची व खाजगी जीवनाच्या राजकारणाची, आणि तिसरी वंश-वर्ग-भेदांचे भान आणणारी, अशी एक प्रगतिकथा तयार होते. या कथेत भेदाचे भान नेहमी उशिरा येते. प्रत्यक्षात सोजर्नर ट्रुथ यांचे अॅक्रन येथील भाषण १८५१ चे, अॅना ज्युलिया कूपर यांचे ‘अ व्हॉइस फ्रॉम द साउथ’ १८९२ चे आणि कोंबाही रिव्हर कलेक्टिव्हचे निवेदन १९७७ चे आहे. वंश व लिंगभाव एकत्र विचारात घेण्याची मागणी तिसऱ्या लाटेची वाट पाहत थांबलेली नव्हती. तिला ऐकणारे मात्र थांबलेले होते. क्लेअर हेमिंग्ज यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे स्त्रीवादी सिद्धान्तन स्वतःविषयी प्रगतीच्या, हानीच्या आणि परतीच्या कथा सांगत असते, आणि या परस्परविरोधी भासणाऱ्या कथांचे दशकवार विभाजन मात्र सारखेच असते.

३

लाटेच्या जोडीने येणारी दुसरी संकल्पना ‘पिढी’ची. साहित्यसमीक्षेवर हिचा प्रभाव अधिक आहे. एलेन शोवाल्टर यांनी १९७७ मधील ‘अ लिटरेचर ऑफ देअर ओन’ या ग्रंथात इंग्रज कादंबरीलेखिकांच्या परंपरेचे तीन टप्पे कल्पिले : १८४० ते १८८० हा प्रस्थापित परंपरेच्या अनुकरणाचा, १८८० ते १९२० हा निषेधाचा आणि १९२० पासूनचा आत्मशोधाचा. हे टप्पे एकमेकांत मिसळतात, एखाद्या लेखिकेच्या कारकिर्दीत तिन्ही आढळू शकतात, अशी सावधगिरी त्यांनी स्वतःच बाळगली होती. तरीही दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे वाङ्मयीन टप्प्याची अखेर १९२० मध्ये, म्हणजे मताधिकाराच्या लढ्याच्या सांगतेशी जुळवून घेतलेली आहे. दुसरी म्हणजे अनुकरण, निषेध व आत्मशोध हा क्रम व्यक्तीच्या वयात येण्याच्या क्रमासारखा आहे. परंपरा जणू एक मुलगी आहे आणि ती टप्प्याटप्प्याने प्रौढ होते.

ज्युलिया क्रिस्तेव्हा यांनी १९७९ मधील ‘स्त्रियांचा काळ’ या निबंधात पिढी या शब्दाला वेगळा अर्थ दिला. पहिली पिढी इतिहासाच्या रेषीय काळात स्थान मागणारी. दुसरी, १९६८ नंतरची, त्या काळालाच नकार देऊन स्त्रीच्या वेगळेपणावर भर देणारी. आणि तिसरी स्त्री-पुरुष या द्वंद्वालाच प्रश्नांकित करणारी. मात्र पिढी म्हणजे कालानुक्रम नव्हे, तर एक अर्थावकाश होय, आणि हे तिन्ही अवकाश एकाच काळात शेजारी नांदू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. निबंधाचा हा भाग सर्वाधिक मोलाचा असूनही पाठ्यपुस्तकी सारांशांत नेमका तोच गळतो आणि उरते ती समता, भेद आणि विखंडन अशी एक-दोन-तीनची शिडी.

रेबेका वॉकर यांनी १९९२ मध्ये ‘मिझ’ या नियतकालिकातील लेखात स्वतःला तिसरी लाट म्हणवून घेतले तेव्हा लाट आणि पिढी ही दोन रूपके एकत्र आली. त्या अॅलिस वॉकर यांच्या कन्या. लेखाला संदर्भ होता १९९१ मधील क्लॅरन्स थॉमस यांच्या नियुक्तीसंबंधीच्या सुनावणीचा आणि अनिता हिल यांच्या साक्षीचा. या नामकरणामागील संताप अस्सल होता. पण त्यानंतर आई-मुलीच्या संघर्षाची भाषा स्त्रीवादी चर्चेत इतकी रुळली की वैचारिक मतभेदांना वयाच्या फरकाचे रूप आले. मतभेदाला वय चिकटले की त्याचा प्रतिवाद करण्याची गरज उरत नाही. तो कालबाह्य ठरविला की काम भागते.

४

भारतीय संदर्भात लाटांची मोजणी जशीच्या तशी लागू होत नाही, हे अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखले. कुमारी जयवर्धने यांनी १९८६ मध्ये आशियातील स्त्रीवादाचा विचार राष्ट्रवादी व वसाहतविरोधी लढ्यांच्या संदर्भात केला. राधा कुमार यांनी १९९३ मधील ग्रंथात १८०० ते १९९० हा सलग पट घेतला. सर्वसाधारणपणे येथे तीन कालखंड मानले जातात : समाजसुधारणेचा, राष्ट्रीय चळवळीचा आणि १९७० नंतरच्या स्वायत्त स्त्री-चळवळीचा. तिसऱ्याचा आरंभ दाखविताना १९७४ चा ‘समानतेकडे’ हा अहवाल, १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आणि मथुरा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध १९७९-८० मध्ये उसळलेला निषेध यांचा उल्लेख होतो.

ही त्रिभागणी उपयुक्त आहे. पण तर्कशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात एक उघड दोष आहे. विभाजनाचे तत्त्व तिन्ही ठिकाणी एक नाही. पहिल्या कालखंडाचे नाव सुधारकांच्या कार्यक्रमावरून आले आहे, दुसऱ्याचे राष्ट्राच्या लढ्यावरून आणि तिसऱ्याचे स्त्रियांच्या संघटनेच्या स्वरूपावरून. परिणामी पहिल्यात स्त्री ही सुधारणेचा विषय, दुसऱ्यात राष्ट्राची सहभागी आणि तिसऱ्यातच तेवढी कर्ती, असा अर्थ विभाजनातूनच निष्पन्न होतो. पुराव्यातून जे सिद्ध व्हावयास हवे ते नावातच गृहीत धरले जाते.

पार्थ चटर्जी यांच्या १९८९ मधील सुप्रसिद्ध प्रतिपादनातही हा ताण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘स्त्री-प्रश्न’ सार्वजनिक चर्चेतून मागे पडला, कारण राष्ट्रवादाने घर आणि बाहेर यांची विभागणी करून आपल्यापुरते त्याचे उत्तर शोधले, असे त्यांचे म्हणणे. ‘ओहोटी’चे हे स्पष्टीकरण लाटेच्या रूपकापेक्षा निश्चितच सखोल आहे, ते शांततेमागचे कारण शोधते. पण त्याचा आधार मुख्यतः बंगालचा आहे. महाराष्ट्रात १८८४ ते १८८८ या काळात रखमाबाईंचा खटला गाजत होता, १८९१ चे संमतिवय विधेयक वादाच्या भोवऱ्यात होते आणि सत्यशोधक प्रवाहात स्त्री-प्रश्न ब्राह्मणी वर्चस्वाच्या प्रश्नाशी जोडूनच विचारला जात होता. ज्या प्रवाहाने राष्ट्रवादाचे नेतृत्वच मान्य केले नव्हते, त्याचा प्रश्न राष्ट्रवादाने सोडविला असे म्हणता येत नाही.

५

या सर्व कालविभाजनांची कसोटी पाहणारी एक मराठी कृती आहे : ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’. ताराबाई वऱ्हाडातील बुलढाण्याच्या; वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाशी संबंधित. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर झोड उठली. तिला उत्तर म्हणून हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्याची पाठराखण केली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे प्रकाशित पुस्तक ज्ञात नाही. हा निबंध चर्चेबाहेर गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशित करीपर्यंत तेथेच राहिला. रोझलिंड ओ’हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर १९९४ चे.

हा निबंध कोणत्या कालखंडातला? सनावळीने पाहिले तर उत्तर सोपे आहे : समाजसुधारणेच्या. परंतु त्या कालखंडाचा प्रश्न ‘स्त्रियांच्या स्थितीचे काय करावे’ हा होता आणि तो पुरुषांनी पुरुषांना विचारलेला होता. ताराबाईंच्या निबंधाचा विषय स्त्रियांची स्थिती एवढाच नाही. पुरुषांचे वर्तन हा आहे. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत अधिक प्रमाणात नाही काय, असे विचारणे ही ‘तुलने’ची रीत. बायको मेली की पुरुषाने दुसरी करावी आणि नवरा मेला की बाईने जन्म जाळावा, या विषम न्यायाला आधार देणारी शास्त्रे त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. भाषणे करून घरी काहीच न करणारे सुधारकही सुटत नाहीत. म्हणजे ही कृती सुधारणेच्या कालखंडाची प्रतिनिधी नसून त्या कालखंडाची चिकित्सा आहे. तिला तेथे ‘बसविणे’ म्हणजे तिने ज्यांना जाब विचारला त्यांच्या नावाच्या रकान्यात तिची नोंद करणे होय.

शोवाल्टर यांनी १९७९ मध्ये स्त्रीवादी समीक्षेचे दोन प्रकार वेगळे केले : पुरुषांनी लिहिलेल्या साहित्यातील स्त्रीप्रतिमांची चिकित्सा आणि स्त्रियांच्या लेखनाचा स्वतंत्र अभ्यास. पैकी पहिला प्रकार हा स्त्रीवादी समीक्षेचा आरंभीचा, १९७० च्या सुमाराचा टप्पा, असा पुढे संकेतच झाला. परंतु समकालीन नाटक-कादंबऱ्यांनी स्त्रीचे जे चित्र रंगविले होते त्याची झडती ताराबाईंनी १८८२ मध्येच घेतली होती. मराठीपुरते बोलायचे तर स्त्रीवादी समीक्षेचा हा प्रकार आयात झालेला नाही. तो विस्मृतीत गेलेला आहे. आयात आणि विस्मृती यांचे इतिहास वेगवेगळे लिहावे लागतात.

येथे एक साधी गोष्ट ध्यानी येते. ‘स्त्री-पुरुष तुलना’ या कृतीला दोन तारखा आहेत : १८८२ आणि १९७५. पहिल्या तारखेला ती लिहिली गेली. दुसऱ्या तारखेनंतर ती वाचली जाऊ लागली, आणि तीही आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, नव्या स्त्री-चळवळीच्या ऐन उभारणीच्या काळात. या दोहोंमध्ये त्र्याण्णव वर्षे आहेत. या त्र्याण्णव वर्षांना ओहोटी म्हणता येत नाही, कारण ओहोटी निसर्गनियमाने येते आणि तिला कोणी जबाबदार नसते. पुस्तकाचे पुनर्मुद्रण न होणे, परीक्षणांत व वाङ्मयेतिहासांत त्याचा उल्लेख न येणे, अभ्यासक्रमात त्याला स्थान न मिळणे या माणसांनी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टी आहेत.

मराठीतील ‘खंड’ हा शब्द येथे विचारार्ह आहे. खंड म्हणजे भाग, आणि खंड म्हणजे विच्छेदही; कालखंडातला खंड आणि ‘अभ्यासात खंड पडला’ यातला खंड एकच. स्त्रीवादाच्या इतिहासाने आजवर खंडाचा पहिला अर्थ घेतला, दुसरा मोकळा सोडला. वास्तविक त्याच्या सामग्रीचे वैशिष्ट्य दुसऱ्या अर्थात आहे. पुनर्मुद्रण नसलेल्या पुस्तकाला वारस मिळत नाहीत, आणि प्रत्येक पिढीला आपणच प्रथम बोलत आहोत असे वाटते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने. मालतीबाई बेडेकरांना पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वनामाने लिहिणाऱ्या ताराबाईंचा वारसा हाताशी नव्हता. शिवाय या कथांचा विषय शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रीच्या मनाची कोंडी हा आहे. तो ‘राष्ट्रीय चळवळीच्या कालखंडा’त कोठे बसवावा, याचे उत्तर त्रिभागणीपाशी नाही.

६

जातीच्या प्रश्नाबाबत खंडाचे परिणाम आणखी खोल आहेत. गोपाळ गुरू यांचा १९९५ चा व शर्मिला रेगे यांचा १९९८ चा निबंध यांनंतर दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेची सैद्धान्तिक चर्चा सुरू झाली. १९७० च्या दशकातील चळवळीत ‘स्त्री’ म्हणजे सवर्ण स्त्री आणि ‘दलित’ म्हणजे दलित पुरुष असे समीकरण कसे रूढ झाले, हे रेगे यांनी दाखवून दिले. परंतु त्यांचा मुद्दा पाठ्यपुस्तकांत उतरताना त्याला लाटांचा साचा लागला. आधी स्त्रीवाद आला, मग १९९० नंतर दलित स्त्रीवादाने त्यात दुरुस्ती केली, असा क्रम सांगितला जाऊ लागला. दलित स्त्री इतिहासात उशिरा आली, असा त्याचा ध्वनी.

पुरावा याच्या उलट आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला, म्हणजे तो ‘स्त्री-पुरुष तुलने’च्याही सत्तावीस वर्षे आधीचा. १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या शीर्षकातील ‘ही’ हे अव्यय कालविभाजनावरचे सर्वांत नेमके भाष्य आहे. रेगे यांनीही २००६ च्या ग्रंथात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे साक्ष म्हणून पाहिले. १८५५ चा निबंध गणनेत घेतला तर जातीची जाणीव ही स्त्री-लेखनातील उत्तरकालीन भर उरत नाही, ती आरंभबिंदूच ठरते. मग स्पष्टीकरणाची जबाबदारीही उलटते. दलित स्त्रिया उशिरा का बोलल्या, हा प्रश्न निकालात निघतो. स्त्रीवादाचा इतिहास जातीविषयी इतकी वर्षे गप्प का राहिला, हा प्रश्न उभा राहतो.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की कालखंड टाकून दिले तर इतिहासाची जंत्री होईल. हा आक्षेप रास्त आहे. कालविभाजन सोडून देणे हा उपाय नाही, आणि सर्व काळ एकसंध मानणे हा तर नाहीच. थेरीगाथेपासून मुक्ताबाई-जनाबाईंमार्गे आजपर्यंत एक अखंड स्त्रीवादी परंपरा कल्पिणे हा लाटांच्या विरुद्ध टोकाचा तेवढाच मोठा भ्रम होय. त्यात भक्ती, वैराग्य आणि हक्क यांच्या निरनिराळ्या परिभाषा एकमेकींत विरघळून जातात. सूझी थारू व के. ललिता यांचे १९९१ व १९९३ मधील संकलन इसवी सनापूर्वी ६०० पासून आरंभ करते. पण स्त्रियांच्या लेखनाची सलग, स्वयंपूर्ण परंपरा गृहीत धरणाऱ्या समीक्षेची चिकित्साही त्यांच्या प्रस्तावनेत आहे, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप असा की १८८२ च्या निबंधाला ‘स्त्रीवादी’ म्हणणे हाच कालविपर्यास आहे. यात तथ्य आहे. ताराबाईंच्या निबंधात पातिव्रत्याच्या आदर्शाचा समूळ त्याग नाही. पुरुष पात्र असेल तर स्त्री पतिव्रता राहीलच, अशा धर्तीचा युक्तिवाद त्यात आहे. आजच्या परिभाषेची झूल त्यावर घातली तर हा ताण झाकला जाईल. पण दोन तारखांचा आग्रह याच कारणासाठी आहे. १८८२ च्या तारखेला त्या निबंधाचा अर्थ त्याच्या काळातील वादांत शोधावा. १९७५ च्या तारखेला नव्या वाचकांनी त्यात काय वाचले, काय वाचण्याचे टाळले, हे तपासावे. या दोन वाचनांतील अंतर हा कालविपर्यास नव्हे, तोच इतिहास होय.

तेव्हा तीन पथ्ये सुचविता येतात. विभाजनाचे तत्त्व स्पष्ट सांगावे आणि ते सर्व खंडांना सारखे लावावे : कायदा, संघटना, की लेखन. कालखंडाचे नाव त्याच्या नेत्यांवरून किंवा दशकावरून न देता त्यातील प्रश्नावरून द्यावे, आणि एकाच काळात अनेक प्रश्न शेजारी असू शकतात हे मान्य करावे. आणि प्रत्येक कृतीच्या लेखनाच्या तारखेबरोबर तिच्या लोपाची व पुनर्वाचनाचीही नोंद घ्यावी. यामुळे इतिहास कमी सुबक होईल, पण अधिक जबाबदार होईल.

अभ्यासक्रमांत ताराबाईंचा उल्लेख बहुधा पहिल्या घटकात ‘अग्रदूत’ म्हणून येतो. अग्रदूत म्हणजे ज्याच्या मागून कोणी येते तो. ताराबाईंच्या मागून त्र्याण्णव वर्षे त्यांना वाचणारे फारसे कोणी आले नाही. या गौरवपदाने ती वर्षे झाकली जातात आणि ती कोणामुळे रिकामी राहिली हा प्रश्नही. स्त्रीवादाच्या इतिहासाचे कालविभाजन करणाऱ्याने तो प्रश्न पहिल्या घटकातच विचारला पाहिजे.